बाळ, नाळ आणि वार

दर वर्षी मे महिन्यात बदल्यांचं समुपदेशन होतं आणि आमच्या सांगली जिल्ह्यात दर वर्षी कुणाला तरी जतचा पूर्व भाग मिळतो. ऑर्डर हातात पडली की पहिला प्रश्न पाण्याचा असतो, दुसरा एसटीचा. भाषेचा, म्हणजे कन्नडचा, प्रश्न तिथं पोचल्यावर कळतो. मला 2023 साली हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिले दोन महिने बरे गेले असते, म्हणून लिहिते आहे.

मी आरोग्यसेविका. माहेर आणि सासर दोन्ही शिराळा तालुक्यात. आमच्याकडे पाऊस पडायला लागला की छत्री आठ-आठ दिवस वाळत नाही. समुपदेशनाच्या दिवशी माझा नंबर येईपर्यंत पडद्यावर जत तालुक्यातलीच उपकेंद्रं शिल्लक होती. त्यातलं एक निवडलं. गावाचं नाव इथं लिहीत नाही, कारण पुढं पेशंटबद्दलही लिहिणार आहे. उमदी-संखच्या बाजूचं गाव, एवढं पुरे. कर्नाटकाची हद्द जवळ आणि विजापूरचा बाजार पायाखालचा.

29 मे 2023 ला कार्यमुक्त झाले, सोमवारी 5 जूनला रुजू झाले. कागदपत्रांचं एक सांगते. रुजू अहवालाच्या 3 प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. अंतिम वेतन प्रमाणपत्र स्वतः पाठपुरावा करून हातात घेऊनच निघा. माझं मागून येणार होतं, ते अडकलं आणि पहिला पगार दीड महिना लांबला. खोलीभाडं 1,500 रुपये आणि जेवणाचं सामान, सगळं घरून आणलेल्या पैशांवर काढलं.

पहिल्या दिवशी उपकेंद्राच्या पायरीवर 6 बायका बसल्या होत्या. एकमेकींशी बोलत होत्या ते मला एक अक्षरही कळलं नाही. माझ्याच जिल्ह्यात, माझ्याच जिल्हा परिषदेच्या इमारतीसमोर मी परकी उभी होते. आशाताई, म्हणजे गावातल्या आशा कार्यकर्त्या, शेजारी होत्या. त्या घरी कन्नड बोलतात आणि मराठी शाळेत शिकल्यात, त्यामुळं दोन्ही भाषा सारख्याच सहज. पेशंट त्यांच्याशी दोन मिनिटं बोलायची, त्या मला एका वाक्यात सांगायच्या, मी उत्तर द्यायची आणि त्या पुन्हा दोन मिनिटं बोलायच्या. मधल्या बोलण्यात काय राहून गेलं ते मला कधीच कळायचं नाही.

गावात मराठी येत नाही असं नाही. शिकलेल्या पोरांना येतं, बाजार करणाऱ्या पुरुषांना येतं. पण माझं काम गरोदर बायका, बाळंतिणी आणि म्हाताऱ्या माणसांशी. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं माहेर पलीकडचं, सगळं आयुष्य कन्नडमध्ये गेलेलं.

आठवड्याभरात मी काही वाक्यं लिहून घेतली. नाव विचारायचं तर "निम्म हेसरु एनरि?" हेसरु म्हणजे नाव. घरोघरी सर्वेक्षणाला गेले तेव्हा एका सत्तरीच्या आजींसमोर वही न बघता बोलायला गेले आणि तोंडातून निघालं, "निम्म बसिरु एनरि?" बसिरु म्हणजे गरोदरपण. आजी हसल्या, सून हसली, शेजारचं घर हसलं. संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गल्लीभर झाली. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे आज कळतं. त्या दिवशी मात्र खोलीवर येऊन मी रडले. अकरा वर्षांची नोकरी, शेकडो बाळंतपणं जवळून पाहिलेली, आणि मला एका बाईला तिचं नाव विचारता आलं नाही.

त्यानंतर 11 दिवस मी कन्नडचा एक शब्द बोलले नाही. आशाताई असल्या की त्यांच्यामार्फत आणि नसल्या की खुणांनी. त्याच दिवसांत मला दुसरी सवय लागली. समोरचं माणूस बोललं की मान हलवायची आणि "हं, हं" म्हणायचं. अर्धं कळलं, अर्धं अंदाजानं. चूक होण्याची भीती वाटते तेव्हा माणूस बोलणं थांबवतं, पण ऐकल्याचं नाटक थांबवत नाही. हे मी स्वतःवरून सांगते.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक आजोबा आले. आशाताई माहेरी गेल्या होत्या. आजोबा खोकत होते. म्हणाले, "एरडु वार आतरि केम्मु." केम्मु म्हणजे खोकला, हे मला एव्हाना ठाऊक होतं. एरडु म्हणजे दोन. वार तर आपलाच शब्द. सोमवार, मंगळवार. मी मनात म्हटलं, दोन दिवस झालेत. रजिस्टरला तसंच लिहिलं, कोमट पाणी प्या, कमी नाही झालं तर परत या असं हातवारे करून सांगितलं. ते "हू" म्हणून गेले.

पाचव्या दिवशी आशाताई आल्या आणि रजिस्टर चाळताना थांबल्या. "सिस्टर, ह्यांना दोन दिवस कसं? मी जायच्या आधीपासून खोकतायत." मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "वार म्हणजे आठवडा, सिस्टर."

ज्यांना या कामाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायला पाठवायचीच, हा क्षयरोगाच्या कार्यक्रमातला पहिला नियम. प्रशिक्षणात तो आमच्याकडून पाठ करून घेतात. मला नियम येत होता, आजोबांनी बरोबर सांगितलं होतं, आणि मी मान हलवली होती. त्याच दुपारी त्यांच्या वस्तीवर गेलो, एक नमुना तेव्हा घेतला, दुसरा दुसऱ्या दिवशी सकाळचा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. उपचार लगेच सुरू झाले, आधी 2 महिने चार औषधं, मग 4 महिने तीन. क्षयरोग्याच्या आहारासाठी निक्षय पोषणचे तेव्हा महिन्याला 500 रुपये मिळायचे, त्यासाठी बँक खातं जोडून दिलं. घरात 3 वर्षांचा नातू होता, त्याची तपासणी करून त्याला प्रतिबंधक औषध सुरू केलं. त्यांच्या सुनेला विचारूनच हे लिहिते आहे.

पाच दिवस. सहा महिन्यांच्या उपचारात पाच दिवस म्हणजे फार नाही असं मला वरच्यांनी सांगितलं. पण त्या पाच दिवसांत तो नातू त्यांच्या मांडीवर होता. बसिरु म्हटल्याची लाज 11 दिवस टिकली होती, ही गोष्ट अजून गेलेली नाही. त्या रात्री मला दोन्ही चुका शेजारी-शेजारी दिसल्या. आजींना चुकीचा शब्द बोलले, त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. त्या हसल्या आणि बरोबर शब्द सांगितला. आजोबांसमोर मी एकही चुकीचा कन्नड शब्द बोलले नाही, कारण मी बोललेच नाही.

दुसऱ्या आठवड्यात मी रीतसर अर्ज केला. "कन्नड भाषेचं मूलभूत प्रशिक्षण मिळावे, तसेच लसीकरणाचे माहितीफलक कन्नडमध्ये मिळावेत." आवक शिक्का घेतला, पोच फाईलला लावली. सात आठवड्यांनी तोंडी उत्तर मिळालं, अशी तरतूद नाही. लेखी मागितलं, ते आलं नाही. तरीही मी सांगेन की अर्ज कराच. पुढं कुणी विचारलं तर मागणी झाली होती याचा कागद राहतो.

पण उत्तराची वाट बघत बसले नाही. जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. अशाच एका शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी गावात राहतात. त्यांच्याकडे गेले. आधी फी घ्यायला तयार नव्हते. मी म्हटलं, फी नसेल तर मला रोज यायला संकोच वाटेल. मग महिना 500 रुपये ठरले, सोमवार-बुधवार-शुक्रवार संध्याकाळी 7 ते 8. पुस्तक म्हणून त्यांनी बालभारतीचं पहिलीचं कन्नड पुस्तक दिलं. आपली बालभारती कन्नडमध्येही पाठ्यपुस्तकं काढते, हे मला तोवर माहीत नव्हतं. ई-बालभारतीवर पीडीएफ मोफत मिळते. मी जतमध्ये प्रिंट काढून घेतली, 2 रुपये पान.

मला वाटलं गुरुजी अआइई पासून सुरुवात करतील. त्यांनी पहिल्या दिवशी एकच वाक्य शिकवलं आणि तासभर तेच घोटून घेतलं.

"तिळिलिल्लरि, इन्नोम्मे हेळरि."

कळलं नाही, पुन्हा एकदा सांगा. म्हणाले, "बाई, हे तोंडात बसल्याशिवाय पुढचं देणार नाही." त्यांच्या घरातल्या बाई मुद्दाम भरभर बोलायच्या आणि मी मान हलवली की गुरुजी हात वर करायचे. कळलं नसताना मान हलवायची नाही. पंधरा दिवस गेले ती मान थांबायला.

दुसरं त्यांचं चांगलं म्हणजे वाक्य चालू असताना ते कधी टोकायचे नाहीत. मी चुकीचं का होईना पूर्ण बोलायची, मग ते तेच वाक्य बरोबर करून, जणू उत्तर देतायत अशा सुरात म्हणायचे. आपली चूक आपल्यालाच ऐकू यायची.

मराठी माणसाला कन्नड वाटतं तितकं लांब नाही, हे लिहिताना मला खरंच आनंद होतो आहे. शब्द परके आहेत, पण वाक्याची बैठक आपलीच. कर्ता आधी, क्रियापद शेवटी. आपण म्हणतो "मंगळवारी येते म्हणून सांगितलंय तिनं", ते म्हणतात "मंगळवार बर्तिनि अंत हेळ्याळ." आपलं "म्हणून" जिथं बसतं तिथंच त्यांचं "अंत". "चार आठवडे सोडून या" हे "नाल्कु वार बिट्टु बर्रि", त्यातला बिट्टु म्हणजे सोडूनच. "ननगे बेकु" म्हणजे मला पाहिजे, मीला पाहिजे नव्हे, अगदी आपल्यासारखं. वस्तूंना पुल्लिंग-स्त्रीलिंग नाही, माणसं सोडली तर सगळं "ते". आणि मान द्यायचा तर शेवटी "री" लावायची, बर्री, कुंदर्री, हेळरि. एक "री" लावली की अर्ध्या चुका लोक पोटात घालतात. आपल्या तुपाला ते तुप्प म्हणतात, आपण ज्या थोरल्या बहिणीला अक्का म्हणतो तिला तेही अक्काच म्हणतात, आणि आपला तास त्यांच्या बोलण्यात "तासु" होऊन बसलाय. शेकडो वर्षं ही माणसं एकमेकांच्या अंगणात ये-जा करत आली आहेत.

अवघड गेलं ते एकार-ओकाराचं. कन्नडमध्ये ए दोन आहेत, एक आखूड आणि एक लांब. ओसुद्धा दोन. आपल्या कानाला ते एकच वाटतात. बेले म्हणजे किंमत, बेळे म्हणजे पीक, आणि तोच बे लांबवला की बेऽळे म्हणजे डाळ. ळ आपल्याला येतो हे नशीब. दुकानात डाळ मागताना मी महिनाभर पीक मागत होते. दुकानदार डाळच द्यायचा. तिथं मला पटलं की एका जातीच्या चुका समोरचा माणूस स्वतःच दुरुस्त करून घेतो, त्यांची काळजी करायची नाही.

काळजी कशाची करायची, त्याची मी वही केली. 40 रुपयांची, 200 पानी. तिच्यात एक पान आहे ज्यावर फक्त तीन शब्द आहेत. आमच्या कामातले तीन शब्द आणि तिन्ही फसवे.

बाळ. पोटात दुखणारी एक सात महिन्यांची गरोदर बाई म्हणाली, "होट्टि नोवु भाळ ऐतरि." मी ऐकलं बाळ आणि धावत पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचा डॉपलर काढला. ती सांगत होती, पोट फार दुखतंय. भाळ म्हणजे फार, खूप.

नाळ. "नाळि बर्तिनि" म्हणून एक बाळंतीण निघून गेली आणि मी बाळाची नाळ बघायला हवी म्हणून तिच्या मागं गेले. नाळि म्हणजे उद्या. उद्या येते, म्हणत होती.

आणि वार. आपल्याकडं सुईणीच्या भाषेत वार म्हणजे बाळंतपणानंतर पडते ती, किंवा मग सोमवार-मंगळवारातला वार. तिकडं आठवडा.

त्या पानाखाली मी नियम लिहिला. दिवस, आठवडे, महिने, गोळ्यांची संख्या आणि दुखणं कधीपासून, एवढं कधीही एकदाच ऐकून लिहायचं नाही. समोरच्याला परत म्हणून दाखवायचं आणि कॅलेंडरवर बोट ठेवायचं. वारांची नावं बहुतेक सारखीच आहेत, त्यामुळं कॅलेंडर दोघांनाही वाचता येतं. बाकी सगळं, नाव, गाव, जेवण, पाऊस, जनावरं, यावर पोटभर चुका करायच्या.

चुका करायला जागा शोधाव्या लागतात. मला सगळ्यात चांगली जागा मिळाली टँकरची रांग. ऑगस्टमध्येही आमच्याकडं टँकर चालू होता. घागरी लावून अर्धा-पाऊण तास बायका उभ्या असतात, कुणाला घाई नसते. मी "ऊट आतेनरि?" म्हणून सुरुवात करायची. जेवण झालं का, या एका प्रश्नावर दहा मिनिटं बोलणं निघतं, काय केलं होतं, कुणी केलं, तिखट किती. बसिरुवाल्या आजी तिथं रोज यायच्या. एक दिवस त्यांनीच माझा हात धरून एकेक शब्द म्हणून घेतला. हेसरु म्हणजे नाव, हसिरु म्हणजे हिरवं, बसिरु म्हणजे पोटातलं. माझी हिरवी साडी ओढून दाखवली, माझं नाव घेतलं आणि पुढून जाणाऱ्या नातसुनेच्या पोटाकडं बोट केलं. ते तीन शब्द मी आता जन्मात विसरणार नाही.

लिपी मी टाळत होते. नोव्हेंबरमध्ये टाळता येईना. पलीकडं दिलेल्या लेकी बाळंतपणाला माहेरी येतात, त्यांच्या हातात कर्नाटकाचं तायि कार्ड असतं. तायि म्हणजे आई. आपल्या माता-बाल कार्डासारखंच, पण कन्नडमध्ये. रक्तदाब आणि वजनाचे आकडे कळायचे, धोक्याची खूण कशासाठी केली आहे ते कळायचं नाही. गुरुजींनी डिसेंबर आणि जानेवारी फक्त अक्षरं घेतली. वर्णमालेचा क्रम आपलाच असल्यानं पाठांतर सोपं आहे. जोडाक्षरात दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी बसतं, त्याला वेळ लागतो. मी अजून बोट ठेवून वाचते. कार्डापुरतं येतं, वर्तमानपत्र येत नाही.

जानेवारी 2024 मध्ये आजोबांचा उपचार पूर्ण झाला. शेवटच्या तपासणीला मी त्यांना किती महिने, किती गोळ्या, कधीपासून, सगळं कन्नडमध्ये विचारलं. त्यांनी सावकाश उत्तरं दिली, प्रत्येक आकडा बोटांवर दाखवत. त्यांना ती पाच दिवसांची गोष्ट मी आधीच सांगून माफी मागितली होती. त्यावर ते काही बोलले नव्हते. त्या दिवशी उठताना म्हणाले, "ईग तिळितैति निमगे." आता तुम्हाला कळतंय.

लस दिल्यावर आईला चार गोष्टी सांगायच्या असतात. कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो, पुढच्या वेळी कधी यायचं आणि कार्ड जपून ठेवायचं. शिवाय अर्धा तास थांबायचं. या चार गोष्टी आशाताईंच्या मदतीशिवाय सांगायच्या, हे मी स्वतःला दिलेलं काम होतं. मंगळवारी, 12 मार्चला ते केलं. फलक मिळाला नव्हताच, गुरुजींनी 60 रुपयांच्या कार्डशीटवर मोठ्या अक्षरात लिहून दिला होता. 14 बाळं होती. आशाताई मुद्दाम बाहेर व्हरांड्यात बसल्या.

पहिली दीड महिन्याच्या बाळाची आई आली. सुई टोचल्यावर बाळ किंचाळलं तशी तिच्याही डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "ज्वर बरबहुदु, अंजब्याडरि." ताप येऊ शकतो, भिऊ नका. "अर्धा तासु इल्ले कुंदर्रि." "कार्ड जोपान इडरि." मग कॅलेंडर पुढं केलं. "नाल्कु वार बिट्टु, मंगळवार." 9 एप्रिलभोवती गोल केला. तो पाडव्याचा दिवस निघाला. त्यांचा उगादी. आम्ही दोघींनी एकदमच मान हलवली आणि पुढच्या दिवसावर गोल केला, बुधवार. तिनं तो परत म्हणून दाखवला. चौदाव्या बाळाला दीड वाजला. दोन ठिकाणी मी अडकले, दोन्ही वेळा इन्नोम्मे हेळरि म्हटलं आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.

एकूण खर्च विचारणाऱ्यांसाठी, गुरुजींची फी 8 महिन्यांची 4,000, प्रिंट, वही आणि कार्डशीट मिळून 250 च्या आत.

वहीची स्वच्छ नक्कल करून मी उपकेंद्राच्या कपाटात ठेवली आहे, लसीच्या रजिस्टरांच्या शेजारी, कारण माझीही इथून कधीतरी बदली होईल. आशाताईंनी शब्द तपासून दिलेत. "गरगरतंय" पुढची ओळ मात्र कोरी आहे. तीन बायकांनी तीन वेगळे शब्द सांगितले आणि कुठला लिहायचा यावर शुक्रवारी गुरुजींच्या अंगणात अजून बोलणं चालू आहे.